उर्दू दप्तराचे कारकून

निजामी अमलात पेडगावचा कुणबी परभणीच्या कचेरीत गेला, की त्याचा अर्ज दुसराच कोणी उर्दूत लिही. १८८४ च्या सुमारास फारसी जाऊन दप्तर उर्दूत आले होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती सत्ता संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि कचेरीत मराठीवाचून गत्यंतर उरले नाही. उजवीकडून डावीकडे मिसली लिहून पन्नाशी गाठलेल्या कारकुनाने आता बोट उलटे फिरवावयाचे! त्यातले कित्येक घरी मराठीच बोलत. अडचण भाषेची नव्हती, हाताची होती. नव्या पोराला जे सहा महिन्यांत साधते, ते मुरलेल्या हाताला साधत नाही, हे आम्हां मास्तरांना ठाऊक आहे. पुढे २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज पडली.