सोमवारची डोकेदुखी आणि दुपारची गोळी

मागच्या महिन्यातल्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली, आणि आमच्या गटातल्या एका काकूंनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून सतरंजीवर ठेवली. म्हणाल्या, "आज हिच्याबद्दल बोला."

काकूंना चढ चढताना छातीत कळ यायची. तिला अंजायना म्हणतात. ती येऊ नये म्हणून डॉक्टरांनी नायट्रेटची गोळी लिहून दिली होती, सकाळी आठला एक आणि दुपारी तीनला एक. पण तीन वाजता काकू खुरपणीला असतात. म्हणून दुपारची गोळी त्यांनी रात्री नऊला घ्यायला सुरुवात केली. त्यांनी आम्हाला विचारलं होतं, आणि आम्हीही म्हणालो होतो, बरंच झालं, बारा-बारा तासांवर गोळी पडेल, औषध दिवसरात्र पुरेल. आम्ही बीए झालेल्या, चार गावांचे गट सांभाळणाऱ्या, आणि सल्ला दिला तो चुकीचा.

तीनेक आठवड्यांत कळ परत यायला लागली. डॉक्टरांनी "गोळी घेता का?" असं विचारलंच नाही. "कधी घेता?" असं विचारलं. उत्तर ऐकून म्हणाले, "काकू, रात्रीचा उपास मोडलात तुम्ही."

औषधाचा उपास? हे काय असतं, ते शोधत आम्ही दीडशे वर्षं मागं गेलो. तिथं डॉक्टरांच्या आधी भेटले ते कामगार.

इटलीत तुरिन नावाचं शहर आहे. तिथं १८४७ साली अस्कानियो सोब्रेरो नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ग्लिसरीनपासून एक तेलकट पदार्थ तयार केला. ग्लिसरीन म्हणजे तेच, थंडीत ओठांना लावतो ते. नव्या पदार्थाला पुढं नायट्रोग्लिसरीन हे नाव पडलं. सोब्रेरोनं त्याचा कणभर जिभेवर ठेवला आणि त्याचं डोकं भयंकर ठणकायला लागलं. शिवाय हे तेल जरा धक्का लागला की उडायचं. तो स्वतःच त्याला घाबरून राहिला.

घाबरला नाही तो स्वीडनचा आल्फ्रेड नोबेल. १८६४ साली स्टॉकहोममधल्या त्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि त्यात त्याचा धाकटा भाऊ एमिल गेला. तरी नोबेलनं काम सोडलं नाही. एका प्रकारच्या भुसभुशीत मातीत हे तेल मुरवलं तर ते सहजासहजी उडत नाही, हे त्याला सापडलं, आणि १८६७ साली डायनामाइट आलं. आपल्याकडं विहिरीचा खडक फोडायला सुरुंग लावतात ना, त्या सुरुंगांच्या घराण्यातलंच हे नाव.

छातीच्या कळेचं नीट वर्णन त्याच्याही शंभर वर्षं आधी झालं होतं. १७६८ साली लंडनच्या विल्यम हेबरडन या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की काही माणसांना चालताना, विशेषतः जेवणानंतर चढ चढताना, छाती आवळल्यासारखी होते आणि थांबलं की बरं वाटतं. काकूंचं दुखणं अगदी हेच. पण हेबरडनजवळ औषध नव्हतं. १८६७ साली, डायनामाइट आलं त्याच वर्षी, एडिंबरोच्या लॉडर ब्रंटन या तरुण डॉक्टरानं अमाइल नायट्राइट नावाचं औषध फडक्यावर टाकून रुग्णांना हुंगायला दिलं. मिनिटभरात कळ थांबायची, पण थोड्या वेळानं परत यायची.

मग आले लंडनचे विल्यम मरेल. त्यांच्या खिशात नायट्रोग्लिसरीनच्या पातळ द्रावणाची बाटली होती. एके दिवशी रुग्ण तपासता तपासता त्यांनी बाटलीचं ओलं बूच जिभेला लावून पाहिलं आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं. जरा वेळात त्यांचंच हृदय धडधडायला लागलं आणि कपाळाच्या शिरा ठणठण उडायला लागल्या. ब्रंटनच्या औषधानंही असंच होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुन्हा पुन्हा स्वतःवर प्रयोग करून मग त्यांनी ते रुग्णांना दिलं आणि १८७९ साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात छापलं. खडक फोडणारी वस्तू अशी औषधाच्या कपाटात गेली. औषध म्हणून ती अगदी कणभर असते, त्यामुळं गोळी पिशवीत उडेल अशी भीती कुणी बाळगू नये. आमच्या बैठकीत हा प्रश्न खरंच आला होता!

म्हातारपणी नोबेललाही छातीचा त्रास झाला आणि डॉक्टरांनी त्याला हेच औषध लिहून दिलं. लोकांनी घाबरू नये म्हणून औषधाला दुसरं नाव ठेवलंय, असं त्यानं १८९६ च्या ऑक्टोबरात पत्रात गमतीनं लिहिलं. त्याच डिसेंबरात तो गेला.

पण आमचं मन रमलं ते नोबेलपेक्षा त्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसांत. हे तेल कातडीतून आणि श्वासातून अंगात जातं. नवीन कामगाराचं डोकं पहिले दिवस फुटायला यायचं. तीन-चार दिवसांत अंगाला सवय व्हायची आणि दुखणं जायचं. रविवारी सुट्टी. सोमवारी कामावर आलं की डोकं पुन्हा पहिल्यासारखं ठणकायचं. त्याला सोमवारची डोकेदुखीच म्हणायला लागले. मग काही कामगार युक्ती करायचे. शनिवारी घरी जाताना स्फोटकाची चिमूट टोपीच्या पट्टीत दडवून न्यायची, म्हणजे सुट्टीतही अंगाची सवय मोडणार नाही आणि सोमवार सुखाचा जाईल.

यात बायाही होत्या. पहिल्या महायुद्धात ब्रिटननं ग्रेटना इथं दारूगोळ्याचा मोठा कारखाना उभारला. १९१७ साली तिथं ११ हजारांवर बायका कामाला होत्या. नायट्रोग्लिसरीन आणि स्फोटक कापूस त्या हातांनी कालवायच्या. आर्थर कॉनन डॉयल हा लेखक ते पाहायला गेला आणि त्यानं त्या मिश्रणाला सैतानाची पेज म्हटलं. पेज म्हटलं की आपल्याला चूल आठवते. त्या बायांना काय आठवत असेल?

आता काकूंच्या गोळीकडं येऊ. या औषधानं रक्तवाहिन्या सैलावतात. हृदयाकडं परत येणारं रक्त कमी होतं, त्याच्यावरचं ओझं हलकं होतं, कळ थांबते. डोक्यातल्या वाहिन्याही सैलावतात, म्हणून डोकं दुखतं. पण औषध सलग अंगात राहिलं की वाहिन्या त्याला दाद देईनाशा होतात. शनिवारपर्यंत कामगाराचं डोकं दुखायचं थांबायचं ते यामुळंच, आणि रविवारच्या खंडानंतर सोमवारी पुन्हा दुखायचं तेही यामुळंच. पुढं अंगाला चिकटवायच्या औषधी पट्ट्या आल्या, तेव्हा डॉक्टरांना दिसलं की पट्टी चोवीस तास ठेवली तर गुण उतरत जातो. म्हणून दिवसातले काही तास, बहुतेकांना रात्रीचे, औषधाविना ठेवायची रीत पडली. काकूंची आठ आणि तीनची वेळ त्या हिशोबानं लिहिली होती. रात्री नऊची गोळी म्हणजे टोपीतली चिमूट झाली.

कामगारांकडून दुसरीही गोष्ट कळली, आणि ती उलट्या बाजूची आहे. महिनोन्‌महिने या कामात राहिलेल्या काहींना सुट्टीच्या दिवशी छातीत कळ यायची. १९७२ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दारूगोळा कारखान्यातल्या अशा कामगारांबद्दल लिहिलं. त्यांच्या वाहिन्यांत अडथळा नव्हता. अंगाला सवय झालेलं औषध अचानक तुटलं म्हणून वाहिन्या आवळत होत्या. तेव्हा डोकं दुखतं, किंवा आता बरं वाटतंय, म्हणून गोळी आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही. डोकेदुखी बहुधा काही दिवसांत कमी होते. नाही झाली तर डॉक्टरांना सांगावं.

हे औषध नेमकं काम कसं करतं, ते कळायला शंभर वर्षं लागली. त्यातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो आणि तो वाहिन्या सैल करतो. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ साली पारितोषिक मिळालं, तेही नोबेलच्याच नावाचं.

त्याच १९९८ साली अमेरिकेत आणखी एका गोळीला मान्यता मिळाली, सिल्डेनाफिल. मूळ ती छातीच्या कळेसाठीच तपासली जात होती, पण तिचा भलताच गुण दिसला आणि ती पुरुषांच्या ताकदीची गोळी म्हणून खपायला लागली. यात लाजण्यासारखं काही नाही, ऐका. घरात धन्याला नायट्रेटची गोळी चालू असेल आणि त्यांनी ही किंवा हिच्या जातीची गोळी घेतली, तर रक्तदाब एकदम कोसळतो. माणूस जाऊ शकतो. ताकदीच्या नावानं विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही कधी कधी हेच औषध मिसळलेलं सापडलं आहे. पुरुष हे बोलत नाहीत, मग आपण डॉक्टरांपुढं बोलायचं. आणि अशी गोळी घेतलेल्या माणसाच्या छातीत दुखलं तर त्याला जिभेखालची गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना आधी ते सांगायचं.

जिभेखालची गोळी वेगळी आणि काकूंची रोजची वेगळी, हेही बैठकीत बऱ्याच जणींना माहीत नव्हतं. रोजची पाण्याबरोबर गिळायची. ती हळूहळू विरघळणारी असेल तर चावायची नाही, कुटायची नाही. जिभेखालची कळ उठल्यावर घ्यायची, तीही ज्याला लिहून दिली त्यानंच आणि बसून, कारण चक्कर येते. शेजारणीच्या छातीत दुखतंय म्हणून आपली गोळी तिला द्यायची नाही. बसूनही, गोळी घेऊनही पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर १०८ ला फोन लावायचा. घाम, दम, जबड्यात किंवा पाठीत दुखणं असेल तर पित्त म्हणून सोडा पीत बसायचं नाही. गोळ्या पट्टीतच ठेवायच्या, सुट्या करून पदराला बांधायच्या नाहीत. अंथरुणातून उठताना आधी जरा बसायचं, मग उभं राहायचं.

आणि वेळ प्रत्येकीची वेगळी असते. कुणाला सकाळी एकच मोठी गोळी असते, कुणाला दोन. काकूंची वेळ ऐकून आपली बदलू नका, चिठ्ठीवर आहे तीच. जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून बदला, आम्हाला विचारून नाही.

काकूंनी वेळ बदलली नाही. दुपारची गोळी आता भाकरीच्या फडक्यात असते. घड्याळ त्या घालत नाहीत, पण तीनची एसटी त्यांच्या बांधावरून दिसते. ती फाट्यावर वळली की खुरपणीतली एखादी पोर ओरडते, "काकू, गाडी गेली!" काकू खुरपं खाली ठेवतात, बांधावर बसतात आणि तांब्या पुढं ओढतात.