फिन्स्टरआरहॉर्नची पडकी बाजू

फिन्स्टरआरहॉर्न हे स्वित्झर्लंडच्या बर्नीज आल्प्समधलं सर्वांत उंच शिखर. उंची ४२७४ मीटर. चहूबाजूंनी हिमनद्या, गाव लांब. विसावं शतक उजाडलं तोवर माणसं शिखरावर कितीदा तरी जाऊन आली होती, पण ईशान्येच्या बाजूनं कोणीच चढलं नव्हतं. सुमारे हजार मीटरचा तो उभा कडा नुसता उंच नाही, तो सतत ढासळतो. दिवसा वितळलेलं पाणी भेगांत शिरतं, रात्री गोठून फुगतं आणि खडक फोडतं. फुटलेले दगड बर्फच धरून ठेवतं. सकाळी ऊन आलं की ती पकड सुटते आणि घळीतून दगडांचा मारा सुरू होतो.

अशा कड्यावर वाट शोधायची म्हणजे आधी खालून नुसतं बघत बसायचं. दगड कुठून सुटतात, कुठल्या घळीतून जातात, ऊन कुठे आधी पोचतं. घळ चढायला सोपी, पण मरण तिथूनच खाली येतं. म्हणून घळी टाळून मधला सोंड धरायचा. या कड्याच्या सोंडेवर मात्र सुळकेच डुगडुगते होते, हात घालावा तो दगड हातात यायचा.

हे सगळं हेरून १९०२ साली ही वाट धरणारी एक बाई होती, गर्ट्रूड बेल. वय ३४. इंग्लंडमधल्या लोखंड कारखानदाराची मुलगी. १८८८ साली ऑक्सफर्डला इतिहासात पहिला वर्ग मिळवला, पण बायकांना तेव्हा तिथे पदवी देत नसत. उल्रिख आणि हाइनरिख फ्यूरर हे दोघे भाऊ तिचे वाटाडे. आदल्या वर्षी त्यांच्याच सोबतीनं तिनं एंगेलहॉर्नरचे कोरे सुळके चढले होते, त्यातल्या एकाला आजही तिचंच नाव आहे. सुरुवातीला तर ती घागरा काढून ठेवून आतल्या कपड्यांवर कडे चढायची. माझी आजी काष्टा आवळून येळ्ळूरगड चढायची आणि तिला कोणी काही म्हणत नसे. तेव्हा अडचण कपड्याची की बघणाऱ्यांची, हे तुम्हीच ठरवा.

जुलैच्या अखेरीस तिघं त्या सोंडेला लागले. बरंच वर गेल्यावर धुकं, बर्फ, वारा सगळं एकदम आलं. पुढे जाणं अशक्य झालं, आणि आलेल्या वाटेनं उतरणं चढण्याहून वाईट. रात्र कड्यावरच काढली. विजा इतक्या जवळ की शेजारच्या उभ्या खडकावर निळी ज्योत दिसली, तेव्हा बर्फाच्या कुऱ्हाडी दूर ठेवल्या. दुसरी रात्र खाली हिमनदीवर, पावसात. काडेपेटी भिजलेली, कंदील लावायची सोय नाही. ५३ तास तिघं एकाच दोरावर होते. हातापायांना हिमदंश झाला, पण तिघंही जिवंत परतले. परत फिरायचा निर्णय मला चढण्याइतकाच मोठा वाटतो.

१९०४ साली गुस्ताव हास्लर आणि फ्रिट्झ आमाटर यांनी तो कडा सर केला. पहिल्या चढाईच्या नोंदीत त्यांची नावं आहेत, आणि ते रास्तच आहे.

बेलबाईंचं कौतुक करताना माझा हात मात्र एका जागी अडतो. १९०८ साली बायकांच्या मताधिकाराला विरोध करणारी संघटना निघाली, तिच्यात ही सामील झाली, कामही केलं. वडिलांचा पैसा आणि पगारी वाटाडे असलेल्या बाईला मताची गरज भासली नसेल. गिरणीतल्या बाईचं तसं नव्हतं. म्हणून ती मला आपली वाटत नाही, तरी तिची त्या उन्हाळ्यातली पत्रं मी पुन्हा पुन्हा वाचते. तिच्या मृत्यूनंतर, १९२७ साली, सावत्र आईनं, फ्लॉरेन्स बेलनं, ती छापली. घरी वडिलांना लिहिलेली पत्रं आहेत ती. हिमदंश, विजा, पडणारे दगड, सगळं त्यांत आहे, आणि लिहिण्याची पद्धत मात्र सहलीहून परतल्यासारखी.