रिंगेतला लोक आणि ४९ घरं



दशलक्षण पर्वाच्या आधी पाठशाळेच्या मुलींना घेऊन भरतकामाच्या रिंगा करायच्या ठरवल्या. मॅटीचं कापड, लाकडी रिंग, सुती दोऱ्याच्या लड्या. रेशमाचा दोरा मी घरात आणत नाही. कोसे उकळत्या पाण्यात टाकतात हे एकदा कळल्यावर आणवतच नाही. स्वस्तिक, वर तीन ठिपके, त्यावर सिद्धशिलेची चंद्रकोर, एवढं भरायला मुलींना दोन दुपारी पुरल्या. मग एक अकरा वर्षांची पोर म्हणाली, "काकू, आता लोक भरू या. कमरेवर हात ठेवलेला माणूस असतो ना, तो."

मी लग्नपत्रिकेवरचं जैन प्रतीक समोर ठेवून कापडावर काढायला घेतलं. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवात, १९७४-७५ साली, सगळ्या पंथांनी मिळून मान्य केलेलं ते चिन्ह. (त्याच महोत्सवात आपल्या शेजारच्या पवनारहून विनोबांच्या आग्रहामुळे ७५६ गाथांचा 'समणसुत्तं' तयार झाला, तोही सर्व पंथांचा मिळून.) पोरीनं विचारलं, "काकू, कंबर किती घरं घ्यायची?" मला सांगता येईना. लहानपणी मला सांगितलं होतं की मुलींना प्रथमानुयोगातल्या कथा पुरेत, करणानुयोगाचं गणित झेपायचं नाही. मीही ते ऐकून घेतलं होतं. आता या पोरीलाही तेच सांगायचं का?

उत्तर शोधत गेले ती अमरावतीला पोचले. आपल्या सिंदीच्या स्टेशनावरून वर्धा, पुढे बडनेरा, इतकं जवळ. तिथल्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी षट्खंडागमाची 'धवला' टीका हिंदी अनुवादासह संपादित केली आणि १९३९ साली पहिला भाग अमरावतीहूनच निघाला. पुढे एकूण सोळा भाग झाले. त्याआधी कित्येक शतकं हा ग्रंथ मूडबिद्रीच्या बसदीत कानडी लिपीतल्या ताडपत्रांवर होता. लोक दुरून त्याचं दर्शन घेत, वाचायला मात्र मिळत नसे. मग बायका-मुलींची काय कथा!

धवला लिहिणारे आचार्य वीरसेन इ.स. ८१६ च्या सुमाराचे. लोकाची मापं आपल्या दिगंबर परंपरेत ठरलेली आहेत. उंची १४ रज्जू. तळाशी रुंदी ७, मध्यलोकाशी, म्हणजे कमरेशी, १. तिथून वाढत ब्रह्मलोकाशी ५, आणि माथ्यावर पुन्हा १. जुनी उपमा अशी की अर्ध्या मृदंगावर एक अख्खा मृदंग ठेवावा तसा लोक. लोकाचं घनफळ मात्र ७ गुणिले ७ गुणिले ७, म्हणजे ३४३ घनरज्जू सांगितलेलं. वीरसेनांनी ते करून पाहिलं. मृदंगासारखा गोल धरला तर हिशेब जेमतेम १६४ च्या आसपास येतो. म्हणून ते म्हणाले, लोक गोल नाही. समोरून तो असा निमुळता दिसतो, पण दक्षिणोत्तर त्याची जाडी सगळीकडे ७ रज्जूच आहे.

हे आम्ही चिंध्यांनी पडताळलं. खालचा भाग कापडातून कापला, तळ ७, माथा १, उंची ७. मधोमध उभा चिरला, एक तुकडा उलटा करून दुसऱ्याला जोडला, की ४ रुंद आणि ७ उंच असा सरळ आयत. २८ घरं. वरच्या भागाचे दोन तुकडे, त्यातला एक उलटा करून शेजारी ठेवला, ६ गुणिले साडेतीन, २१ घरं. मिळून ४९. जाडी ७ ची, म्हणून ३४३. मुली ओरडल्याच. परकराच्या कळ्या बेतणाऱ्या आपल्या आज्यांना हे झेपलं नसतं असं कोण म्हणेल?

गंमत अशी की आपल्या रिंगेचं नातंही वाद्याशी आहे. गोल चौकटीवर कापड ताणून भरण्याला फ्रेंचांनी 'तांबूर', म्हणजे ढोल, असं नाव दिलं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत द्रुए नावाच्या चित्रकाराचं १७६३-६४ मधलं चित्र आहे, त्यात फ्रान्सच्या राजाची मादाम पोंपादूर अशाच चौकटीपाशी बसलेली आहे. त्याच्या शंभर वर्षं आधीपासून खंबायतचं साखळी टाक्याचं भरतकाम जहाजांनी युरोपात जात होतं. कच्छचे मोची आरीनं भरत, आपण सुईनं भरतो, एवढाच फरक.

आता करायचं असेल तर असं करा. इंचाला १४ घरं असलेली मॅटी आणि ९ इंची रिंग घ्या. एका रज्जूला ७ टाके. तळाची ओळ ४९ टाक्यांची. वर जाताना दर ७ ओळींत दोन्ही बाजूंनी ३-३ टाके कमी करा, ४९ ओळी संपल्या की बरोबर ७ टाके उरतात. तीच कंबर. तिथून दर ७ ओळींत दोन्हीकडे ४-४ टाके वाढवा. वरच्या ४९ ओळींतली मधली, म्हणजे २५ वी, ३५ टाक्यांची यायला हवी. मग तसंच कमी करत ७ वर या. माथ्यावर सिद्धशिला पांढऱ्या दोऱ्यानं. कडा आधी उलट्या टीपेनं आखून घ्या, आतलं क्रॉस स्टिचनं मग भरा. मी घाईत आतूनच सुरुवात केली आणि नरकाच्या बाजूच्या अकरा ओळी उसवाव्या लागल्या.

त्या पोरीचा लोक कमरेपर्यंत आला आहे. काल तिनं विचारलं, यात त्रसनाडी कुठून भरायची? मधोमध, १ रज्जू रुंद, म्हणजे ७ टाक्यांचा उभा पट्टा. रंग तिनंच निवडला, पोपटी.