बार्शी लाइट रेल्वे : लंडनच्या कंपनीची छोटी गाडी

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात आगगाडी आणली ती सरकारने नव्हे, तर लंडनमध्ये नोंदलेल्या एका खासगी कंपनीने. बार्शी लाइट रेल्वे हे तिचे नाव. अडीच फुटी (762 मिलिमीटर) रुळांवरची ही गाडी जुन्या पिढीच्या तोंडी मात्र केवळ ‘बार्शी लाइट’ होती.

कंपनीचे जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे जीआयपी रेल्वेतील अभियंते. बार्शी ही कापूस व धान्याची मोठी पेठ. पण मुख्य लोहमार्ग तिला वगळून गेला होता. पेठेतला माल बैलगाड्यांतून बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडी, स्थानकापर्यंत न्यावा लागे. 1895 मध्ये कंपनी स्थापन झाली आणि 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही सुमारे 21 मैलांची वाट खुली झाली.

कॅलथ्रॉप यांचे खरे कसब हिशेबात होते. इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे त्यांनी ठरवून टाकले. त्यामुळे हलके रूळ पुरले, खर्च घटला आणि तरीही माल भरपूर वाहता आला. या डब्यांची चाचणी 1896 मध्ये इंग्लंडमधील लीड्सजवळ घेण्यात आली, तेव्हा ती पाहण्यास अनेक अभियंते जमले होते. (याच गृहस्थांनी पुढे वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री तयार केली.)

1906 मध्ये मार्ग पंढरपूरला पोहोचला आणि वारीच्या गर्दीने कंपनीला हक्काचे उत्पन्न मिळाले. दुसरा फाटा बार्शीहून निजामाच्या मुलुखात शिरला आणि येडशी, ढोकी, मुरुड असे करीत 1911 मध्ये लातूरला गेला. लातूरच्या बाजारपेठेच्या वाढीत या मार्गाचा वाटा मोठा आहे. 1927 मध्ये पंढरपूर-मिरज मार्ग पूर्ण झाल्यावर एकूण लांबी 202 मैल झाली. कुर्डुवाडीत कंपनीचा स्वतःचा कारखानाही उभा राहिला. या साऱ्यात जिल्ह्याचे ठाणे असलेले धाराशिव मात्र बाजूलाच राहिले. गाडी धरायची तर सुमारे 20 किलोमीटरवरचे येडशी गाठावे लागे.

खासगी रेल्वे कंपनी याहून वेगळ्या वाटेनेही जाऊ शकते, याचा दाखला त्याच काळात जपानमध्ये घडत होता. ओसाकाच्या उमेदा स्थानकापासून 1910 मध्ये सुरू झालेल्या, पुढे हांक्यू या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीचे इचिझो कोबायाशी यांनी मार्गालगतच्या जमिनी घेऊन घरे बांधली आणि ती मासिक हप्त्यांवर विकली. मार्गाच्या शेवटी, ताकाराझुका येथे, स्नानगृहे आणि मुलींची नाट्यसंस्था उभी केली. 1929 मध्ये उमेदा स्थानकातच बहुमजली दुकान थाटले. प्रवासी मिळावेत म्हणून वस्ती वसवायची आणि वस्तीच्या खरेदी-करमणुकीतूनही कमवायचे, असा तो व्यवहार होता.

बार्शी लाइटने हे केले नाही. भाडे आणि वाहतूक यापलीकडे तिचा जीव गुंतला नाही. अर्थात तुलना ताणण्यात अर्थ नाही. ओसाकासारखा रोज कामावर ये-जा करणारा शहरी वर्ग या दुष्काळी पट्ट्यात कुठून येणार? शिवाय एकाच मार्गावर मुंबई इलाखा आणि निजामाचे राज्य अशा दोन सत्ता होत्या. तरीही पेठेसाठी आखलेल्या वाटेने पेठा वाढल्या आणि वाटेबाहेरचे गाव मागे पडले, ही गोष्ट धाराशिवकरांना शंभर वर्षे भोवली.

1 जानेवारी 1954 रोजी सरकारने कंपनी ताब्यात घेतली आणि मार्ग मध्य रेल्वेत विलीन झाला. रुंदीकरणाच्या वेळी लातूर-कुर्डुवाडी मार्गाची आखणी बदलून तो धाराशिव शहराजवळून नेण्यात आला. लातूर-उस्मानाबाद टप्पा 2007 मध्ये आणि उस्मानाबाद-कुर्डुवाडी टप्पा 2008 मध्ये सुरू झाला. ठाण्याच्या गावी गाडी आली, ती बार्शीत आल्यानंतर 110 वर्षांनी.

आता जिल्ह्याचे लक्ष सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे 84 किलोमीटरच्या नव्या मार्गाकडे आहे. त्याची पायाभरणी 9 जानेवारी 2019 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सोलापुरात झाली आणि निम्मा खर्च उचलण्याची तयारी राज्य सरकारने दाखविली. पंढरीच्या वारकऱ्यांनी बार्शी लाइटला जगविले. तुळजाभवानीच्या भाविकांना मात्र रेल्वेने थेट तुळजापुरात उतरण्याची सोय कंपनीच्या काळात कधीच मिळाली नव्हती.