'डॉक्टर, ह्यांना ऐकू येतं का?'

अंबरनाथला मी पस्तीस वर्षे दवाखाना चालवला. या काळात ज्या प्रश्नाने मला सर्वाधिक अडचणीत आणले, तो औषधाचा नव्हता. डोळे उघडे, पण ओळख नाही, अशा माणसाच्या खाटेपाशी घरची मंडळी हळूच विचारीत, 'डॉक्टर, ह्यांना ऐकू येतं का?' ऐंशीच्या दशकात मी ठामपणे 'नाही' म्हणत असे. आज ते धाडस होत नाही. ते का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपण सरसकट 'कोमात गेला' म्हणतो. वैद्यकशास्त्राचेही बराच काळ तसेच चालले होते. १९७२ साली ग्लासगोचे मेंदूशल्यविशारद ब्रायन जेनेट आणि न्यूयॉर्कचे फ्रेड प्लम यांनी एका निराळ्या अवस्थेला नाव दिले. पेशंट जागा होतो, झोपतो, श्वास आपला आपण घेतो; पण भान दिसत नाही. ही 'व्हेजिटेटिव्ह' अवस्था. हा शब्द मला कधीच आवडला नाही. माणसाला भाजीपाला म्हटल्यासारखे वाटते. १९७४ साली जेनेट आणि टीसडेल यांनी शुद्ध मोजण्याची ग्लासगो कोमा स्केल आणली. डोळे, बोलणे, हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण.

या दोन सालांच्या मधोमध, २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर अत्याचार झाला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेला, मेंदूचा प्राणवायू तुटला.

इथे थोडे शरीरशास्त्र. जागे राहणे आणि भान असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागे ठेवणारे जाळे मेंदूच्या देठात असते. मोरुझी आणि मॅगून यांनी ते १९४९ साली दाखवून दिले. भान मात्र मेंदूचा वरचा थर आणि थॅलॅमस यांच्या देवाणघेवाणीतून येते. प्राणवायू तुटला की काही मिनिटांतच वरचा थर जातो. देठ जास्त चिवट असतो. म्हणजे मेनस्विच चालू, घरातले दिवे गेलेले.

आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या माणसाला हा फरक समजावा लागतो. लोकलमधून पडून डोक्याला मार लागलेला तरुण महिनोन् महिने निपचित राहून पुढे सावरू शकतो, कारण मेंदूचा काही भाग शाबूत असतो. पावसाळ्यात कोंडेश्वरच्या डोहात गुदमरलेल्याची आशा त्या मानाने बरीच कमी. १९९४ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी आडाखा बांधला: प्राणवायू तुटला असेल तर तीन महिने, मार लागला असेल तर बारा महिने, त्यापुढची अवस्था 'कायमची'. पण उशिरा सावरलेले पेशंटही आढळत गेले आणि २०१८ मध्ये तिथल्याच मेंदूतज्ज्ञांनी 'कायमची' हा शब्द सोडून 'दीर्घकालीन' म्हणायचे ठरवले.

अरुणाताई सुमारे बेचाळीस वर्षे केईएममध्ये होत्या. औषधाने त्यांना परत आणता आले नाही. उपचार होता तो परिचारिकांचा. पिढ्या बदलल्या, पण भरवणे, पुसणे, कूस बदलणे थांबले नाही. इतक्या वर्षांत अंगावर एकही शय्याव्रण नाही, अशी नोंद न्यायालयासमोर झाली. ज्याने घरी अंथरुणाला खिळलेला माणूस सांभाळला आहे, त्यालाच याची किंमत कळेल. पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डॉ. दिवेटिया, डॉ. गुरसहानी आणि डॉ. शहा यांना तपासणीस पाठवले. व्हेजिटेटिव्ह अवस्थेचे बहुतेक निकष त्यांना लागू होतात, असे त्यांनी कळवले. परिचारिकांचे म्हणणे मात्र असे, की त्यांना मासे आवडतात, गर्दी झाली की त्या अस्वस्थ होतात. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने कडक अटींवर जीवनरक्षक उपचार थांबवण्यास तत्त्वतः वाट दिली. पण अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा हक्क याचिकाकर्त्या विराणींचा नव्हे, केईएमच्या सेवकवर्गाचा मानला, आणि त्यांना त्या हव्या होत्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्या गेल्या.

दरम्यान विज्ञान पुढे सरकले होते. २००२ मध्ये 'अल्प भान' ही वेगळी पायरी मान्य झाली. २००६ साली एड्रियन ओवेन यांनी अपघातानंतर पाच महिने निपचित असलेल्या तरुणीला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितले, 'तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर.' मेंदूचा नेमका तोच भाग उजळला, जो निरोगी माणसाचा उजळतो! २०२४ च्या मोठ्या अभ्यासात, सांगूनही काहीच हालचाल न करणाऱ्या २४१ जणांपैकी ६० जणांचा मेंदू सूचना पाळत असल्याचे आढळले. औषधांत अमँटाडीन हे मूळचे फ्लूवरचे. डोक्याला मार लागलेल्या १८४ पेशंटवरील २०१२ च्या चाचणीत ते घेणारे चार आठवड्यांत इतरांपेक्षा लवकर सुधारले. प्राणवायू तुटलेल्यांसाठी असे भरवशाचे औषध अजून हाती नाही.

असा स्कॅन आमच्या गावात होत नाही. तरीही बदलापूरला अशा घरी बोलावले, की मी खोलीत पाऊल ठेवताच आधी पेशंटला नावाने हाक मारतो, मी कोण ते सांगतो. आणि हॉस्पिटलचे बिल, जमिनीचा वाद, 'आता किती दिवस', ही बोलणी करायला मंडळींना बाहेरच्या ओट्यावर घेऊन जातो.