माळवद : घराची रचना आणि माणसाची गरज
लातूर-धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) भागातले माळवदाचे घर उन्हाळा ओळखून बांधलेले असते: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, लाकडी खांब-तुळया, वर पांढऱ्या मातीच्या थराचे सपाट छत, म्हणजे माळवद. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. दोष दगडाला देणे सोपे, पण अपुरे. भिंतींचे आतले-बाहेरचे थर बांधणारे आरपार दगड नव्हते, म्हणून त्या दुभंगल्या. कित्येक ठिकाणी लाकडी सांगाडा मात्र उभाच राहिला. मग काँक्रीटच बरे, असा आक्षेप येतो. सुरक्षिततेपुरता तो रास्त आहे. पण पुनर्वसनाच्या आखीव वसाहतींत गुरे, कडबा, अवजारे यांची सोय मागे पडली, आणि तीही रचनेचीच उणीव मानली पाहिजे. भिंतीत आरपार सांधे घालून, माळवदावरची माती कमी करून जुनी घरेही सावरता येतात.