‘पॉवर’ : एका शब्दाचा संसार

ठाणें जिल्ह्यांतील भिवंडी शहराच्या नारपोली भागांत मागांचा खडखडाट अकस्मात् थांबला, म्हणजे आंतील माणूस म्हणतो, ‘पॉवर गेली.’ राजाची सत्ता गेली, मल्लाचें बळ गेलें, किंवा वक्त्याच्या वाणींतील जोर गेला, असें त्याला कांहींहि म्हणावयाचें नसतें. वीज गेलेली असते, आणि तिच्याबरोबर तेवढ्या वेळाची मजुरीहि. कारण मागावरील कामगाराला मजुरी बहुधा विणलेल्या कापडाच्या मापानें मिळते. हीच गोष्ट घरीं घडली तर तोच मनुष्य ‘लाईट गेली’ असें म्हणेल. घरांत वीज म्हणजे उजेड, कारखान्यांत वीज म्हणजे शक्ति! हा भेद कोणत्या व्याकरणकारानें शिकविला?

मूळ लॅटिनमध्यें ‘समर्थ असणें’ या अर्थाची जी क्रिया होती, तिच्यापासून फ्रेंच भाषेच्या वाटेनें हा शब्द इंग्रजींत आला. ‘शक्य’ या अर्थाचा ‘पॉसिबल’ हा त्याचाच भाऊबंद होय. इंग्रजींत आल्यावर त्याचा संसार वाढला. राजाचा अधिकार म्हणजे पॉवर, बलाढ्य राष्ट्र म्हणजे पॉवर, गणितांतील घात म्हणजे पॉवर, आणि चष्म्याच्या भिंगाचा गुणहि पॉवरच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 सालीं निघाला, व पुढें 1847 सालीं कँडीचा इंग्रजी-मराठी कोश बाहेर पडला. असल्या बहुरूपी शब्दापुढें एकच मराठी प्रतिशब्द मांडून कोणत्याहि कोशकाराची सुटका होणें शक्य नव्हतें.

आणि मराठींत प्रतिशब्दांची वाण तरी कोठें आहे? शक्ति, बळ, सामर्थ्य, सत्ता, अधिकार हे संस्कृताच्या घरचे. ताकद, जोर, कुवत, मगदूर हे फारशी-अरबीच्या वाटेनें आलेले. परंतु यांतील एकाच्या जागीं दुसरा बसवूं गेल्यास फजीती होते. बैलाला बळ असतें, अधिकार नसतो. मामलेदाराला अधिकार असतो. पेन्शन घेतल्याच्या दुसऱ्या दिवशीं तो नाहींसा होतो, बळ मात्र आदल्या दिवसाइतकेंच राहतें. ‘सत्ता’ या शब्दाचा संस्कृतांतील अर्थ केवळ ‘अस्तित्व’ एवढाच. मराठींत येऊन तो सिंहासनावर बसला. ‘मगदूर’ तर बहुधा नकाराचा हात धरूनच बाहेर पडतो. इंग्रजींत या शब्दाला लिंग नाहीं. मराठी बोलणाऱ्यांनीं मात्र त्याला बिनदिक्कत स्त्रीलिंगी केलें. शक्ति, सत्ता, ताकद आणि वीज या चौघींच्या पंक्तीला तो बसला, यांत नवल तें काय?

विरुद्धार्थी शब्द शोधूं लागल्यास अशक्तपणा, दुबळेपणा, असामर्थ्य हे सहज हातीं येतात. पण भिवंडीच्या बाजारांत ‘पॉवर’च्या उलट शब्द ‘हात’ हा आहे!

याचें कारण इतिहासांत सांपडतें. इंग्लंडांत एडमंड कार्टराइट यानें 1785 सालीं यंत्रमागाचा पहिला हक्क नोंदविला. तोंवर माग तो माग. त्याला ‘हाताचा’ असें विशेषण लावण्याची गरज कोणास पडावी? यंत्राचा माग जन्मल्यावरच जुन्याला निराळें नांव द्यावें लागलें, आणि तसेंच मराठींत ‘यंत्रमाग’ आल्यावर ‘माग’ हा ‘हातमाग’ झाला. महाराष्ट्रांत 1904 सालीं इचलकरंजीस विठ्ठलराव दातार यांनीं यंत्रमाग सुरू केला. भिवंडीचा व्याप त्यानंतरचा. परंतु आज देशांतील यंत्रमागाच्या मोठ्या केंद्रांत तिची गणना होते. उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांचा ‘करघा’ हा फारशींतील ‘कामाची जागा’ या अर्थाच्या शब्दापासून निघालेला आहे. तेलंगणांतील पद्मशाली विणकर ‘मग्गम्’ म्हणतो, आणि मराठी ‘माग’ त्याला परका वाटत नाहीं. इंग्रजी ‘लूम’चा जुना अर्थ तर नुसता ‘हत्यार’ एवढाच होता. नारपोलींत मात्र या सर्वांना ‘लूम’ चालतो.

शब्दांचा हा खेळ कायद्याच्या पुस्तकांत शिरला, तेव्हां त्याला माणसाच्या पोटाचा संबंध आला. 1948 च्या कारखाने अधिनियमानें ‘पॉवर’ची व्याख्या केली ती अशी कीं, वीज, अथवा यंत्राच्या द्वारें पोंचविलेली अशी अन्य शक्ति, जी माणसाच्या वा जनावराच्या श्रमांतून निर्माण झालेली नाहीं. जेम्स वॉटनें एंजिनाचें सामर्थ्य घोड्याच्या मापानें मोजलें. कायद्यानें त्याच घोड्याला व्याख्येबाहेर हांकलून दिलें! त्या कायद्याप्रमाणें, जेथें पॉवर वापरली जाते तेथें दहा कामगार, व जेथें वापरली जात नाहीं तेथें वीस कामगार असल्यास ती जागा ‘कारखाना’ ठरे. 2020 च्या संहितेनें हेच आंकडे वीस व चाळीस केले. लहान लहान गाळ्यांतून चालणाऱ्या धंद्यांत या आंकड्याच्या आंत किती माणसें व बाहेर किती, यावर कामाचे तास, आठवड्याची सुटी आणि यंत्राभोंवतालचें कुंपण अवलंबून असतें. गाळ्यांतील नववा कामगार आणि दहावा कामगार यांचे श्रम सारखेच. कायद्याची छाया मात्र दहाव्याच्या येण्यानें पडावयाची.

दुसरा प्रसंग 1985 चा. कांहीं प्रकारचें कापड हातमागासाठीं राखून ठेवणारा कायदा त्या सालीं झाला. त्यांत ‘हातमाग म्हणजे यंत्रमागाव्यतिरिक्त कोणताहि माग’ अशी व्याख्या आहे. थोरल्या भावाची ओळख धाकट्याच्या नांवानें करून द्यावी, तसा हा प्रकार! ही व्याख्या विनोदी वाटली तरी तिच्या आधारावर साडी आणि धोतर विणणाऱ्या कित्येक कुटुंबांची चूल पेटावयाची होती. यंत्रमागवाल्यांचा तिला विरोध होता, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि 1993 सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा कायदा वैध ठरविला.

भिवंडीचें वीजवितरण 2007 सालीं टोरंट पॉवर या कंपनीकडे सोंपविण्यांत आलें. अशा रीतीनें खासगी कंपनीला दिलेलें देशांतील तें पहिलें क्षेत्र. त्यामुळें शब्द आतां बिलाच्या कागदावरहि घरोघर येतो. मध्यंतरीं सरकारी मराठीनें ‘भारनियमन’ असा भारदस्त शब्द घडविला, आणि वर्तमानपत्रांनीं तो उचलला. गाळ्यांत त्याचा फारसा शिरकाव झाला नाहीं. तेथें पॉवर जाते आणि पॉवर येते. परत आल्यावर तर कर्त्याचीहि गरज उरत नाहीं. कोणीतरी ‘आली!’ म्हणून ओरडतो, आणि धोटे पुन्हां धांवूं लागतात.